एक दिवस चालू, एक दिवस राखीव

३ ऑगस्ट, रविवार
आज चालू. गोळी जेवणावर घेतली, वर पाणी भरपूर. अर्ध्या तासाने मळमळलं, उलटी झाली नाही. डोळ्यांखालची सूज आहे तशीच.
सबाह अल-सालेमला एका घराच्या गच्चीवर एसीचा कॉम्प्रेसर जळालेला. अकराच्या आत उतरायचं होतं, त्यापुढे उन्हात काम करायला बंदी आहे. घरातली कुवेती म्हातारी खालून ओरडत होती, "हाजी, हर वाजिद!" हाजी म्हणजे मी, वय झालेल्या माणसाला इथे तसंच म्हणतात. फार उकडतंय म्हणे. जणू गारवा मी खिशात घेऊन फिरतो. उतरताना पोटरीत गोळा आला. शिडीच्या मधोमध दांडा धरून उभा राहिलो. कोणी पाहिलं नसावं. पाहिलं असेल तर उद्या ऑफिसात कळेल.

५ ऑगस्ट, मंगळवार
चालू. काल राखीव.
हे कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून वहीत ठेवतो. नाहीतर कुठला दिवस कसला, हे माझंच चुकेल.
मोठ्या इमारतीत पाण्याला दोन पंप असतात. एक चालू, दुसरा राखीव. मग पाळी बदलायची. असं केलं की दोन्ही टिकतात. तीस वर्षं हेच केलं, एकही पंप माझ्या हातून गेला नाही. फेब्रुवारीपासून गोळीचं तसंच ठेवलं आहे. एक दिवस घ्यायची, एक दिवस अंगाला विसावा. गेल्या हिवाळ्यात रिपोर्ट चांगले आले होते, आजार दबला म्हणाले. दबला आहे तर रोज कशाला दाबायचं?
खरं कारण ते नाही. खरं कारण डबा. राखीव दिवसाची गोळी पट्टीतून कात्रीने कापून दुधाच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकतो. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, डिसेंबरात संपतो. कंपनीचा मंदूब, आमची सरकारी कागदं फिरवणारा, तोंडावर म्हणाला, "खलास हाजी, हे शेवटचं." वय साठच्या पुढे, शिक्षण सातवी. इकामा गेला की विम्याचं कार्ड गेलं, कार्ड गेलं की गोळी गेली. आमच्या गावात तापाची गोळी आणायला एसटी धरावी लागते. तिथे रक्ताच्या कॅन्सरची गोळी कोण ठेवणार?
हा शब्द वहीत लिहायचा नाही असं ठरवलं होतं. लिहिला.

७ ऑगस्ट, गुरुवार
चालू. मोठ्या तपासणीसाठी रक्त दिलं. नर्स केरळची आहे. "अंकल, मुट्ठी बंद करो, टेन्शन खोलो." दरवेळी हेच म्हणते, दरवेळी हसायला लागतं. मे महिन्यात आकडा जरा वर गेला होता. डॉक्टर म्हणाले होते, बघू. आता बघतील.

८ ऑगस्ट, शुक्रवार
राखीव.
दुपारी फहाहीलला उस्मानच्या दुकानात. एसीचे सुटे भाग विकतो. रत्नागिरीच्या खाडीकाठचा. आम्ही एकाच वर्षी इथे आलो. तो दुकानदार झाला, मी शिडीवरच राहिलो. त्याची मुलगी रुख्साना शाळेत बायोलॉजी शिकवते. जन्म इथलाच. मराठी सगळी कळते, बोलते अर्धी. आजार सापडला तेव्हा तिनेच सगळीकडे नेलं होतं. ती आणि उस्मान सोडून इथे कुणाला माहीत नाही.
आज धीर करून तिला विचारलं, नेमकं बिघडलंय काय? दोन वर्षं झाली, विचारलंच नव्हतं.
तिने काउंटरवरचा कॉन्टॅक्टर उचलला. "अंकल, आधी तुम्ही मला सांगा, हे काय करतं?"
सांगितलं. कॉइलला करंट मिळाला की पट्ट्या ओढल्या जातात, कॉम्प्रेसर सुरू. करंट गेला की स्प्रिंग पट्ट्या मागे फेकते, बंद.
"पेशीत करंटच्या जागी फॉस्फेट आहे."
"खताच्या गोणीतलं?"
"हां, तेच."
उस्मान म्हणाला, "म्हंजे दत्त्याच्या अंगात खत जास्त झालंय. डोक्यात कधी पडलं नाय ते."
आम्ही हसलो. ती हसली नाही, समजावत राहिली. जेवढं कळलं तेवढं लिहितो. पेशीत हजारो तऱ्हेची प्रोटीनं, ती कामकरी माणसं. त्यातली काही दुसऱ्यांच्या अंगाला फॉस्फेटचा तुकडा चिकटवतात. तो बसला की त्या प्रोटीनचा आकार वळतो आणि ते कामाला लागतं, किंवा असलेलं काम थांबवतं. काढून घेणारेही असतात, ते आले की पुन्हा पहिल्यासारखं. चिकटवणाऱ्यांच्याच पाचशेवर जाती माणसात आहेत. तुकडा येतो तो एका भरलेल्या बॅटरीसारख्या वस्तूच्या टोकाचा मोडून. खायचं कधी, दोन व्हायचं कधी, थांबायचं कधी, मरायचं कधी, सगळं या चिकटवण्या-काढण्यावर.
माझ्या रक्ताच्या पेशीत जनुकांचे दोन धागे तुटले आणि जोडताना एकाचं टोक दुसऱ्याला गेलं. त्या चुकीच्या जोडातून एक चिकटवणारा असा तयार झाला की त्याला बंद व्हायचं माहीतच नाही. पांढऱ्या पेशींना सारखं सांगत सुटतो, वाढा, वाढा.
"चिकटलेला कॉन्टॅक्टर," मी म्हटलं. "थर्मोस्टॅट सांगतो बंद कर, पण पट्ट्या वितळून एकमेकींना धरून बसलेल्या."
"परफेक्ट, अंकल!"
क्षणभर बरं वाटलं. वर्गात कधी असं कुणी म्हटलं नव्हतं. मग लक्षात आलं की हे आपल्याच अंगाबद्दल चाललंय.
गोळी काय करते? ती बॅटरी ज्या भोकात बसते त्याच भोकात गोळी जाऊन बसते. बॅटरीला जागा नाही, चिकटवायला तुकडा नाही. "पण गोळी उतरली की भोक मोकळं. म्हणून रोज, अंकल. रोज."
दोनदा म्हणाली. मी स्प्रिंगकडे बघत होतो. आज राखीव होता.

१० ऑगस्ट, रविवार
राखीव. घ्यावी का? डबा काढला, झाकण उघडलं, लावलं. एकदा घडी मोडली की डिसेंबरनंतरचं गणित मोडेल. आणि अंगाला खरंच विसावा मिळतो. राखीव दिवशी जेवण जातं, हे खोटं आहे का?
तेवढ्यात खोलीत सावंत आला. मालवणकडचा प्लंबर, माझ्या खालच्या खाटेवर झोपतो. "अण्णा, तुमी दूध पिताना कधी दिसणास नाय, डबो मात्र उशाशी. सोन्याची बिस्किटां आसत काय?"
"हो. तुझ्या लग्नात देणार."
"माझो झील बारावीत आसा, अण्णा."
"मग त्याच्या."
हसत आंघोळीला गेला.

१४ ऑगस्ट, गुरुवार
राखीव. सुनंदाचा फोन. माझी बायको, पण तिलाही एवढंच माहीत की माझं रक्त कमी आहे.
"डिसेंबरात नक्की ना? कायमचे?"
"नक्की. काय आणू?"
"काही नको, तुम्ही या."
दरवेळी असंच म्हणते. आणि मी दरवेळी पेटी भरून नेतो. साबण, दुधाची पावडर, ब्लँकेट, बॅटऱ्या, सुऱ्यांचा संच, एकदा तर टाचण्यांचं पाकीट. मागच्या खेपेला म्हणाली होती, अहो, हाच साबण आता आपल्या बाजारात मिळतो. मी म्हटलं, इथला असली. तिने वाद घातला नाही. आतल्या खोलीत अजून साबणांची चळत आहे म्हणे, वास घरभर.

१९ ऑगस्ट, मंगळवार
चालू. रिपोर्ट आला. वाढलंय. मेपेक्षा खूप.
डॉक्टर मिसरी म्हणजे इजिप्तचे, शांत माणूस. कागदावरून मान वर न करता विचारलं, "एव्हरी डे?"
"येस डॉक्टर. एव्हरी डे."
जीभ अडखळलीसुद्धा नाही. हेच आता टोचतंय, की अडखळली नाही.
डॉक्टर नर्सशी बोलले. तिने हिंदीत सांगितलं. औषध रोज घेऊनही आजार वाढतो म्हणजे औषध हरतंय. गोळीची जागा आतून बदलली आहे का ते बघायला रक्ताची वेगळी तपासणी जाईल, निकालाला बरेच दिवस. मग बहुतेक दुसरं औषध. ते जड आहे, छातीत पाणी होऊ शकतं, म्हणून छातीचा फोटो आधी काढायचा. आणखी दोन नळ्या रक्त घेतलं.
बसमध्ये हेच डोक्यात. गिऱ्हाईक म्हणतं, मी कशाला हात लावला नाही. आपण बिचारे अख्खं युनिट उघडून बसतो आणि वाल्व त्यानेच पिळलेला असतो. अशा गिऱ्हाइकांना मी किती शिव्या दिल्या आहेत.

२० ऑगस्ट
राखीव होता. घेतली नाही. का घेतली नाही ते कळत नाही. हाताला सवय झाली आहे. उद्या

२२ ऑगस्ट, शुक्रवार
उस्मानकडे जेवायला. तिसऱ्यांचं कालवण आणि बेकरीतून आणलेले गरम खुबूस. फुगलेली रोटी समोर आली आणि काहीतरी बोलायचं म्हणून रुख्सानाला विचारलं, हे स्विच अंगात आले तरी कशाला? नसते तर बिघडलेही नसते.
ती खुश झाली. विचारणारा विद्यार्थी तिला शाळेत मिळत नसावा. म्हणाली, हे माणसापेक्षा फार जुनं आहे. जंतूंमध्येही फॉस्फेटचे स्विच आहेत, त्यांची घडण बहुतेक वेगळी. या खुबूसचं पीठ फुगवणाऱ्या यीस्टमध्ये तर आपल्याच घराण्यातले आहेत. मूळ एक नमुना, त्याची चुकून नक्कल व्हायची, दोन झाल्यावर एक जुनं काम करायचा आणि दुसरा बदलत बदलत नवं काम धरायचा. असं करत करत शेकडो. जुनं काढून कुणी फेकलं नाही.
हे मला लगेच कळलं. फहाहीलच्या जुन्या इमारतींची वायरिंग तशीच आहे. नवा भाडेकरू आला की जुन्या बोर्डातून नवी वायर. पहिली लाइन कुठे जाते ते कुणाला माहीत नाही, पण काढायला गेलं तर लिफ्ट बंद पडते.
विचारलं, "मग या पिठाला माझा आजार होईल?"
"नाही, अंकल. यीस्ट एकेकटं राहणारं. तुमच्यात बिघडलाय त्या जातीचे स्विच यीस्टमध्ये जवळजवळ नाहीतच. समुद्रात एकपेशी जीव आहेत, प्राण्यांचे जवळचे नातेवाईक, त्यांच्यात आहेत. मग पेशी एकत्र राहायला लागल्या तेव्हा ते फार कामाला आले. सोबत राहायचं तर कुणी वाढायचं, कुणी थांबायचं, हे एकमेकांना सांगावं लागतं ना?"
उस्मान म्हणाला, "म्हंजे बॅचलर रूम. सात मानसं, एक बाथरूम."
"एक्झॅक्टली, अब्बा."
मी आमच्या खोलीचा विचार करत होतो. स्वयंपाकाची पाळी, कपडे वाळत घालायची दोरी, कोण किती वाजता दिवा बंद करणार. एकाने मानायचं सोडलं की महिन्यात खोली मोडते. एकत्र राहायचं म्हणून जे आलं तेच माझ्यात उलटलं.
मग मी तपासणीबद्दल विचारलं. विचारायला नको होतं. ती म्हणाली, रक्तात लाखो बिघडलेल्या पेशी, त्या सारख्या दोन होतात, नक्कल करताना चुका होतात. एखादीत नेमकं ते भोक बदलतं, गोळी बसत नाही. एक ठरावीक बदल आहे, त्याला गेटकीपर म्हणतात, आपल्या बिल्डिंगचा हारिस समजा. दारावरचा राखणदार बदलला, तो गोळीला आत सोडत नाही. बाकीच्या गोळीने मरतात, ही जगते, तिचीच प्रजा वाढते. "इट्स इव्होल्यूशन, अंकल. याला लाखो वर्षं लागत नाहीत, काही महिने पुरतात. औषध अर्धवट असेल तर धोका जास्त. शत्रू मरायच्या आधी त्याला वेळ मिळतो."
मी खुबूसचा आणखी एक तुकडा तोडला.
"तुम्ही रोज घेता ना?"
माझ्याआधी उस्मान बोलला. "घेतो गो! विचारतंस काय? हा मानूस स्क्रूला पन चार पेच मोजून देतो."
मी म्हटलं, घेतो.
त्याच्या घरचं जेवता जेवता खोटं बोललो. घरी आल्यावर गोळी घेतली. पाळी चालू होती की राखीव, बघितलं नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार
सहा दिवस रोज. उलट्या. ऑफिसात सांगितलं, पोट बिघडलं.
घरी गणपती बसला. सुनंदाने व्हिडिओ कॉल केला, आरतीचा आवाज तुटत होता. देवासमोर फोन धरून म्हणाली, "मागा काहीतरी." काय मागणार? भोक तसंच राहू दे, असं देवाला सांगता येतं का?
"तुमचे डोळे सुजलेत."
"एसीचं वारं लागतं."

१ सप्टेंबर
घेतली. फेब्रुवारी ते ऑगस्ट. किती राखीव दिवस झाले ते बोटांवर मोजायला बसलो आणि अर्ध्यात सोडलं. एकेक राखीव दिवस म्हणजे त्यांना एकेक मोकळा दिवस. मी अंगाला विसावा देत होतो असं समजत होतो. विसावा भलत्यांनाच मिळत होता.
कदाचित काही बदललं नसेल. कदाचित नुसतं औषध कमी पडलं म्हणून वाढलं असेल. कदाचित

५ सप्टेंबर, शुक्रवार
डबा पिशवीत घालून उस्मानच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवर ठेवला, झाकण काढलं.
रुख्सानाने आत बघितलं. कापलेले पट्टीचे तुकडे तिने हातात घेतले, खाली ठेवले, पुन्हा घेतले.
"हे काय आहे, अंकल?"
सांगितलं. पंप, पाळी, इकामा, गाव, सगळं. बोलताना माझ्याच कानाला ते येड्यासारखं लागत होतं.
ती रागावली नाही. रागावली असती तर बरं. नवी अख्खी पट्टी माझ्या खिशात होती, ती मागून घेतली, उलटी केली, माझ्यापुढे धरली. "ही गोळी कुठली आहे?"
"इथली. कुवेतची."
"चष्मा घाला."
घातला. बारीक अक्षरं होती. एबीसीडी येते मला, एकेक लावून वाचलं. मेड इन इंडिया.
"तिकडूनच इकडे येते, अंकल. भारतात ही किती कंपन्या बनवतात. मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात देतात. रत्नागिरीचा दुकानदारही मागवून देईल. यू जस्ट हॅड टू आस्क."
विचारायचं. फक्त विचारायचं होतं. पण विचारलं तर आजार कळला असता.
उस्मान आतून आला. त्याने सगळं ऐकलं होतं. "गाढवा," म्हणाला. "तीस वर्षं साबन नेलास, आता ह्ये न्हेत होतास." मग कॉम्प्रेसरच्या खोक्यावर बसला. त्याचे डोळे भरले होते. मी त्याला कधी तसं पाहिलं नाही, बायको गेली तेव्हासुद्धा नाही.
रुख्साना म्हणाली, मंगळवारी डॉक्टर आहेत ना, सांगा. त्यांना वाटतंय औषध हरलं. त्यांना खरं कळल्याशिवाय पुढचा निर्णय बरोबर होणार नाही.
"सांगतो."

९ सप्टेंबर, मंगळवार
घेतली. डॉक्टरांनी विचारलंच नाही. छातीचा फोटो बघितला, पाठ ठोकून बघितली, निकाल यायचा आहे म्हणाले. पिशवी माझ्या पायाशी होती. नर्सने पुढचा नंबर पुकारला. मी उठलो.
तोंड असं बंद का होतं? दोन मिनिटांत झालं असतं.
रुख्सानाचा मेसेज, सांगितलं का? उत्तर दिलं नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार
घेतली. नंबर नसताना गेलो. नर्स म्हणाली, "अंकल, आज आपका दिन नहीं है." म्हटलं, आहे. तीन तास बाकावर बसलो. शेवटी आत घेतलं.
डबा टेबलावर ठेवला. इंग्रजी सुचेना. "डॉक्टर, नो एव्हरी डे. वन डे येस, वन डे नो." फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, नावं घेत गेलो, ऑगस्टपर्यंत.
डॉक्टर डब्यात बघत राहिले. अरबीत काही म्हणाले, नर्सने त्याचं हिंदी केलं नाही. मग त्यांनी चष्मा काढला आणि हळू विचारलं, "व्हाय, हाजी?"
सांगितलं तेवढं नर्सने पोचवलं.
ते म्हणाले, नवं औषध आत्ता लिहीत नाही. आता हीच गोळी, रोज, एकही चुकवायची नाही. तपासणीत बदल सापडला नाही तर आकडा पुन्हा खाली येऊ शकतो. सापडला तर हा डबा कामाचा नाही. हारिसवालाच बदल निघाला तर मग औषधंही मोजकीच, ती सहज मिळत नाहीत. कुठे मिळतील ते तेव्हा बघू.
डबा परत माझ्या हातात दिला. "यूज इट. एव्हरी डे."
बाहेर आल्यावर नर्सने पाण्याचा ग्लास दिला. आज मुठीचं काही बोलली नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
सुनंदाला सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. फोन कानाला इतका दाबला होता की कान दुखला.
मागे कोंबड्यांचा आवाज.
"दोन वर्षं?"
"हो."
"आणि मी इथे तुम्हाला बीट खा, खजूर खा सांगत होते." मग म्हणाली, "गोळीचं नाव काय? सावकाश सांगा. लिहून घेते."
एकेक अक्षर सांगितलं. ती पाचवी, मी सातवी. दोघांनी मिळून लिहिलं.

१५ सप्टेंबर, सोमवार
घेतली. सुनंदा रत्नागिरीला जाऊन आली. एकटी, पहिल्या एसटीने. दुकानदाराला कागद दाखवला. "दोन दिवसांत आणून देतो म्हणाला. डॉक्टरची चिठ्ठी लागेल म्हणाला, बाकी काही नाही."
दोन दिवसांत.
"ऐकताय ना?"
ऐकत होतो.
"मी त्याला म्हटलं, असू दे तुमच्याकडे, आमचे येणार आहेत."

१९ सप्टेंबर, शुक्रवार
घेतली. सावंतने आज डबा उघडाच बघितला, टेबलावर होता. हातात घेऊन वास घेतला, ठेवला. कशाच्या गोळ्या ते विचारलं, सांगितलं. त्याने टोपी काढली, परत घातली. "अण्णा, उद्यापास्ना तुमची जेवणाची पाळी माजी." मी नको म्हटलं. "गप बसा. तुमचा जेवान खाऊन खाऊन आमीच आजारी पडलव." पाठ करून कांदा चिरायला लागला.

२५ सप्टेंबर, गुरुवार
खैरानला काम. समुद्राकाठचं चॅले, आठवड्यातून दोन दिवस मालक येतात. तक्रार अशी की एसी बंदच होत नाही, घर बर्फासारखं झालंय. बोर्ड उघडला. कॉन्टॅक्टर चिकटलेला. स्विच बंद, थर्मोस्टॅट बंद, तरी आत घरघर चालूच.
मेन पाडला, करंट तपासला आणि पट्टीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळू ठोकलं. कधी सुटतो, कधी नाही. आज तिसऱ्या ठोक्याला सुटला. चांगला आहे असं नाही, पट्ट्या काळ्या पडल्यात, नवा टाकायला हवा. तसं लिहून दिलं. उगाच बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहिलो. ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, नमाज पढ रहे हो क्या?"
परत निघताना गाडीत बसायच्या आधी फोन वाजला. नर्स. निकाल आलाय. रविवारी सकाळी या, कुणाला तरी सोबत आणा.
"क्या है बेटी?"
"अंकल, फोन पे नहीं बताते. सब को यही बोलते हैं."
सगळ्यांनाच सांगत असतील. सोबतीचंही सगळ्यांनाच सांगतात का, ते विचारायला हवं होतं. रुख्साना येणार आहे, शाळेतून सुट्टी घेऊन. उस्मानही येतो म्हणतो, दुकान बंद ठेवून. दोघांना नको म्हटलं, दोघांनी ऐकलं नाही.
खोलीवर आलो. सावंतने भात आणि कुळथाची पिठी करून ठेवली होती. चार घास गेले. डब्यातला एक तुकडा काढला, चष्मा लावून पाठ वाचली, गोळी घेतली, वर पाणी.
आता ती आत कुठेतरी आपली जागा शोधत असेल.